नेटवर टीव्ही : मराठी, कन्नड, क्रिकेट सगळं पाहिजे, सबस्क्रिप्शन घ्यायच्या आधी काय तपासायचं?

वडगावचा_पाव्हणा

नमस्कार मंडळी. बेळगाव, वडगाव. घरात केबल आहे आणि आता फायबरपण घेतलाय, म्हणजे दोन्हीकडं पैसे जायलेत. केबल काढून टाकूया, सगळं नेटवरच बघूया असं पोरगं मागं लागलंय. अडचण अशी की आमच्यात माणसं पाच आणि आवडी सात. आईला संध्याकाळी साडेसहा ते दहा मराठी सिरीयल, त्यापण एका चॅनलवरच्या नाहीत, जाहिरात लागली की दुसरीकडं उडी. बाबांना सकाळी मराठी बातम्या आणि रात्री कन्नड बातम्या, कारण आलमट्टीचं पाणी किती सोडलं आणि बेंगळूरला काय चाललंय ते तिथंच नीट कळतंय. बायको धारवाडकडची, तिला कन्नड सिरीयल. पोराला क्रिकेट. मला काय मिळेल ते, तेपण सगळे झोपल्यावर.

आता तीन पर्याय समोर आलेत. एक, फायबरवालेच म्हणतात की थोडा मोठा प्लॅन घ्या, चॅनल आणि ॲप त्यातच देतो. दोन, एकेक ॲप वेगळं घ्यायचं. आणि तीन, पोराच्या ओळखीतल्या कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलंय, वर्षाला 1500 रुपये, हजारो चॅनल, सगळे ओटीटी, फोर के, एक लिंक देतो ती टीव्हीवर टाकायची. ऐकायला तिसरंच भारी वाटतंय, आणि म्हणूनच शंका यायलीय.

प्रत्येकजण आपण घेतलेलंच चांगलं म्हणतोय. मला कुठलं चांगलं ते सांगू नका, कसं ठरवायचं ते सांगा. टीव्ही 43 इंची आहे, पाचसहा वर्षांचा, अँड्रॉइड म्हणून दुकानदारानं दिलेला.

निपाणी_नाका

तिसरा पर्याय चोरीचा माल आहे दादा, त्यात ठरवायचं काय? नेटफ्लिक्सचा एकट्याचाच साधा टीव्हीवाला प्लॅन महिन्याला 199, म्हणजे वर्षाला 2388. मग तो माणूस 1500 मध्ये नेटफ्लिक्ससकट सगळं कुठनं देणार? एवढा हिशेब केला की पुढचं वाचायची गरज नाही.

शहापूर_अक्का

निपाणीच्या दादांचं बरोबर आहे. पण पाव्हण्यांनी विचारलंय कसं ठरवायचं, तर आमच्या घरी आम्ही काय केलं ते सांगते, कारण आमचंपण घर असंच अर्धं मराठी अर्धं कन्नड आहे.

आधी ॲपची यादी करू नका, माणसांची करा. एक वहीचं पान घ्या, कोण, कुठल्या वेळेला, काय बघतं. "सिरीयल" असं नाही लिहायचं, सिरीयलचं नाव आणि चॅनल लिहायचं. मग एकेक चॅनल कुठल्या ॲपवर आहे ते समोर लिहायचं. झी मराठी आणि झी कन्नड दोन्ही झी5 वर. स्टार प्रवाह, कलर्स मराठी, कलर्स कन्नड, स्टार सुवर्णा हे सगळं जिओहॉटस्टारवर, 2025 च्या फेब्रुवारीत जिओसिनेमा आणि हॉटस्टार एक झाल्यापासून. सोनी मराठी सोनीलिव्हवर. उदया आणि सन मराठी सन नेक्स्टवर. म्हणजे तुमच्या आईंच्या दोन चॅनलांपैकी एक झी आणि एक स्टार किंवा कलर्स असेल, आणि वहिनींचंपण त्याच दोन ठिकाणी असेल, तर चौघांचं काम दोन ॲपमध्ये होतंय. हे कुठलाच विकणारा सांगत नाही, कारण त्याला तुम्हाला वीस ॲपचा गठ्ठा द्यायचा असतो. त्या वीसमधली सोळा नावं आमच्या घरात कुणी उघडलेली नाहीत.

बातम्यांना पैसे घालूच नका. मराठी बातम्यांची बहुतेक चॅनल यूट्यूबवर लाईव्ह फुकट असतात, कन्नडचीपण. बाबांना यूट्यूबवर ती चॅनल सबस्क्राईब करून द्या म्हणजे शोधायला नको.

अजून एक, आपल्या भागात हे नक्की बघा. काही ॲप आता भाषेप्रमाणं पॅक विकतात. मराठीचा पॅक स्वस्त दिसतो म्हणून घेतला आणि कन्नड उघडेना, मग घरात कुणाची सिरीयल आणि कुणाची नाही यावरनं जे होतं ते टीव्हीच्या बाहेर होतं 😄 पैसे भरायच्या पानावर भाषा कुठल्या ते बारीक अक्षरात असतं, तेवढं वाचा. आणि ॲपच्या सेटिंगमध्ये कंटेंट लँग्वेजमध्ये मराठी, कन्नड दोन्हीवर टिक करा, नाहीतर पहिल्या पानावर भलतंच दिसत राहतं आणि सासूबाई म्हणतात "ह्यात आपलं काय नाहीच".

आणि रिमोट. हे मी सगळ्यात वर लिहायला पाहिजे होतं खरं. केबलला तीन आकडे दाबले की चॅनल लागतं. ॲपला आधी ॲप उघडा, मग प्रोफाईल विचारतंय, मग सर्च, मग सिरीयल, मग सीझन, मग एपिसोड. तुमच्या आईंच्या हातात रिमोट द्या, शेजारी बसा आणि काही न बोलता बघा. त्यांना त्यांची सिरीयल स्वतः लावता आली तरच घ्या. नाहीतर रोज साडेसहाला तुम्हाला घरी यावं लागेल.

केबलवाला_अण्णा

माझा धंदाच केबलचा आहे, तेव्हा माझं बोलणं थोडं कमी धरून वाचा. तरी दोन गोष्टी.

लोक म्हणतात केबल महाग. कशामुळं महाग ते बिलात बघा की. 2019 पासून चॅनल निवडून घ्यायची सोय आहे. आधी जोडणीचे महिना 130 अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 153 रुपये 40 पैसे, आणि त्यावर पैशाची चॅनल वेगळी. त्या 130 मध्ये सुरुवातीला शंभर चॅनल होती, 2020 ला दोनशे झाली, आणि 2024 ला तर ट्रायनं (टीव्ही-टेलिकॉमवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) 130 ची ती मर्यादाच काढली, आता ज्यानंत्यानं आपापला दर लावायचा. पण पैशाची चॅनल कुठली घ्यायची ते अजूनपण गिऱ्हाईकाच्याच हातात आहे. आपला पत्ता कर्नाटकातला, त्यामुळं डिश असो केबल असो, समोर पहिला येतो तो कन्नड पॅक. मग वरनं मराठीचा पॅक जोडतात, त्यात न लागणारी हिंदी, इंग्लिश येतात आणि बिल फुगतं. तेच दोन कन्नड, तीन मराठी चॅनल सुटी घेतली तर बिल बरंच खाली येतं. तेव्हा पाव्हणं, नेटच्या सबस्क्रिप्शनची तुलना आजच्या फुगलेल्या बिलाबरोबर करू नका, कापून घेतलेल्या बिलाबरोबर करा. न्याय असा होतो.

दुसरं क्रिकेट. ॲपवर मॅच केबलच्या मागं असते. चित्र बारीक तुकडे करून नेटवरनं येतं, चार तुकडे साठले की मग लागतं, त्यामुळं अर्धा मिनिटभर उशीर सहज होतो. शेजारच्या घरात केबलवर विकेट पडली की आरडाओरडा होणार आणि तुमच्याकडं बॉलर अजून रनअपच्या टोकाला उभा असणार. पोराला हे चालत असेल तर चालतंय. अनेकांना नाही चालत.

निपाणी_नाका

अण्णा बरोबर. आमच्या गल्लीत त्या उशिरामुळं पोरांनी मॅचच्या वेळेला खिडक्या लावून घ्यायला सुरुवात केलीय.

कोरमंगळात_बेळगावकर

मी बेंगळूरला व्हिडिओ स्ट्रीमिंगच्याच कामात आहे, मूळचा अनगोळचा. थोडं लांब होईल, चहा घेऊन बसा.

पहिल्यांदा त्या व्हॉट्सॲपवाल्याचं. असल्या सेवेला आयपीटीव्ही म्हणतात, म्हणजे नेटवरनं येणारा टीव्ही, पण आयपीटीव्ही म्हणजे चोरीच असं नाही हां. जिओ, एअरटेल, बीएसएनएल यांचंपण आयपीटीव्ही आहे आणि ते कायदेशीर आहे. फरक ओळखायला सोपा. ॲप प्ले स्टोअरवर आहे का लिंकवरनं एपीके, म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरनं टाकायची ॲपची फाईल, टाकायला सांगतात? जीएसटी नंबरचं बिल देतात का? पैसे कंपनीच्या नावावर जातात का कुणाच्या तरी खाजगी यूपीआयवर? तिन्ही उत्तरं वाईट आली तर विषय संपला. हे लोक दुसऱ्याचं चॅनल उचलून परदेशातल्या कुठल्यातरी सर्व्हरवरनं पुढं सोडतात. रोज दुपारी ते झकास चालतं, डेमोपण दुपारीच देतात. मोठ्या मॅचला सगळे एकदम आले की सर्व्हर बसतो. त्यात दिल्ली हायकोर्टानं 2019 पासून असे आदेश द्यायला सुरुवात केलीय की एक साइट बंद केल्यावर तीच दुसऱ्या नावानं उघडली तर तीपण बंद करता येते. मॅच चालू असतानाच लिंक मरते ती यामुळंपण. मग तुम्ही मेसेज करणार, तिकडनं एक टिक. आमच्या ओळखीत एकाचं नेमकं असंच झालं, वर्षाचे पैसे भरलेले, विकणाऱ्याचा नंबर फायनलच्या दिवशी बंद. तक्रार कशाची करणार आणि कुठल्या तोंडानं?

आणि कॉपीराइट कायद्याच्या 63 कलमाखाली असल्या धंद्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते दोन लाख दंड आहे. पण मला खरी भीती त्या एपीकेची वाटते. ज्या वायफायवर तुमचा बँकेचा फोन आहे त्याच वायफायवर हा पाहुणा येऊन बसतो. काही बिननावाचे स्वस्त अँड्रॉइड बॉक्स तर विकतानाच आत व्हायरस घेऊन येतात, 2025 च्या जूनमध्ये अमेरिकेच्या एफबीआयनं बॅडबॉक्स 2.0 म्हणून त्याचा जाहीर इशारा दिलाय.

आता चांगल्या दोन पर्यायांमधलं. फायबरवाल्याचं आयपीटीव्ही त्यांच्याच नेटवर्कमध्ये चालतं, बाहेरच्या इंटरनेटवर अवलंबून नसतं, त्यामुळं चॅनल बऱ्यापैकी केबलसारखी लागतात, रिमोटवर नंबर दाबता येतो, अक्कांनी सांगितलेली अडचण तिथं कमी. पण ते त्या कनेक्शनलाच बांधलेलं असतं. उद्या नेट कंटाळून बदलला की चॅनलपण गेली. दर बघताना 18 टक्के जीएसटी धरून बघा, जाहिरातीत तो नसतो. आणि त्या प्लॅनमध्ये जे ॲप "फ्री" आहेत ते कुठल्या दर्जाचे आहेत ते विचारा, कारण मोबाईलपुरता प्लॅन देऊन नाव तेच लिहितात. नेटफ्लिक्सचंच बघा : 149 चा फक्त फोन-टॅबवर आणि 480पी (पीचा आकडा जेवढा मोठा तेवढं चित्र स्वच्छ), 199 चा टीव्हीवर पण 720पी, 499 चा 1080पी, 649 चा फोर के. चारही नेटफ्लिक्सच. प्राइमचं वर्षाचं 1499, पण 2025 च्या जूनपासून त्यात जाहिराती आल्या, नको असतील तर महिन्याला 129 वेगळे. म्हणजे नाव विचारू नका, प्लॅन विचारा : टीव्हीवर चालतो का, किती पी, एकावेळी किती स्क्रीन, जाहिराती आहेत का. तुमच्याकडं एकावेळी स्क्रीन किती लागतात ते मोजा. आईंचा टीव्ही आणि वहिनींचा फोन एकाच ॲपवर एकाच वेळी चालू असणार, तर एक स्क्रीनवाला स्वस्त प्लॅन साडेसातला भांडण लावणार.

स्पीडचं लोक फार मनावर घेतात. नेटफ्लिक्सच्याच हिशेबानं 1080पीला 5 एमबीपीएस आणि फोर केला 15 पुरतात. तुमचा 30 चा प्लॅन असला तरी दोन टीव्ही आरामात. बिघडतं ते दोन ठिकाणी. एक, संध्याकाळी आठ ते दहा, सगळं गाव एकदम नेटवर असतं तेव्हा. म्हणून टेस्ट सकाळी करू नका, त्याच वेळेला करा. दोन, घरातलं वायफाय. स्पीड टेस्ट राऊटरच्या शेजारी फोन धरून नाही करायची, टीव्हीच्या जागेवर, टीव्हीवरच करायची.

डेटापण बघा. एचडीला तासाला 3 जीबीपर्यंत जातो. रोज चार तास धरले तर महिन्याला 360 जीबी. फायबरला काही नाही, पण कुणी रोज दोन जीबीच्या मोबाईल पॅकवर टीव्ही चालवायचं स्वप्न बघत असेल तर ते पाऊण तासात संपतं.

आणि शेवटचं, तुमचा टीव्ही. पाच वर्षांपूर्वी "अँड्रॉइड" म्हणून विकलेले सगळे टीव्ही गुगलच्या सर्टिफिकेटवाले नव्हते. प्ले स्टोअरवरनं डीआरएम इन्फो नावाचं ॲप टाका, त्यात वाइडवाइन (व्हिडिओची चोरी रोखणारं गुगलचं कुलूप) समोर एल1 दिसलं तर ठीक. एल3 दिसलं तर तुम्ही कितीपण महाग प्लॅन घ्या, बहुतेक ॲप 480पीच्या वर चित्र देणार नाहीत. लोक प्लॅन वाढवत बसतात आणि चित्र धूसर ते धूसरच. प्ले स्टोअरच नसेल तर मग उत्तर तिथंच मिळालं.

वडगावचा_पाव्हणा

बाप रे. एवढं तर दुकानात कुणी सांगितलं नव्हतं. टाकून बघितलं की, प्ले स्टोअर आहे पण एल3 दाखवतंय 😐 म्हणजे टीव्ही बदलायचा?

आणि स्पीडचं म्हणालात तसं बघितलं. फोनवर सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, 96 येतोय, टीव्ही मधल्या खोलीत आहे तिथं टीव्हीवर 7. घर जुनं आहे, जांभ्या दगडाच्या भिंती, दोन माणसं हात पसरून उभी राहतील एवढ्या जाड नसल्या तरी जाडच.

कोरमंगळात_बेळगावकर

टीव्ही कशाला बदलता, चांगल्या कंपनीची टीव्ही स्टिक (ॲप चालवणारं छोटं यंत्र) मागं एचडीएमआयला लावा, काम एल1 वर होतं आणि रिमोटपण बरा मिळतो. जुन्या टीव्हीचा मेंदू तसापण थकलेला असतो, कालांतरानं ॲपची नवी आवृत्ती त्याच्यावर चालत नाही.

जांभ्याच्या भिंतीतनं 5 गिगाहर्ट्झ वायफाय जात नाही, 2.4 कसंबसं जातं. राऊटरपासनं टीव्हीपर्यंत लॅन केबल ओढा. दाराच्या चौकटीवरनं खिळे मारून नेली तरी चालतंय. स्टिकला लॅन लावायचा छोटा ॲडॅप्टर मिळतो. ती वायर ओढल्यावर पुन्हा टेस्ट करा आणि मगच कुठलं सबस्क्रिप्शन चांगलं वाईट ते बोला, नाहीतर दोष भिंतीचा आणि शिव्या ॲपला.

जांबोटी_पाऊस

खानापूर तालुका, जंगलाकडची बाजू. तुमचं शहरातलं सगळं ठीक आहे, आमच्याकडं प्रश्न वेगळा. जून ते सप्टेंबर पाऊस असा लागतो की डिशला सिग्नल जातो, आणि लाईट गेली की फायबरपण जातो, कारण राऊटरला करंट कुठला? म्हणून आमच्याकडं लोक दोन्ही ठेवतात, एक नाही तर दुसरं.

मी एवढंच केलं की राऊटर आणि भिंतीवरचा तो फायबरचा डबा, दोन्ही इन्व्हर्टरच्या लाईनवर घेतले. नुसता राऊटर घेऊन भागत नाही, डब्यालापण लाईट लागते. इन्व्हर्टर नसेल तर राऊटरसाठीचा छोटा यूपीएस मिळतो. पण पलीकडं ऑपरेटरच्या बाजूला बॅकअप नसेल तर आपण काय केलं तरी नेट जाणारच, तेव्हा कनेक्शन घेताना त्याला हेच विचारायचं, "लाईट गेल्यावर तुमचं किती वेळ चालतंय?" जो उत्तर द्यायला अडखळतो त्याचं घ्यायचं नाही.

आणि मोबाईलमध्ये डाऊनलोड करायची सोय असलेला प्लॅन बघा. आमच्यात रात्री वायफायवर सिरीयल उतरवून ठेवतात, दुसऱ्या दिवशी लाईट असो नसो.

ज्यांना फक्त काहीतरी लागून पाहिजे त्यांनी डीडी फ्री डिश लावावी, एकदाच डिश-बॉक्सचा खर्च, महिन्याला काही नाही. दूरदर्शनचं मराठी सह्याद्री आणि कन्नड चंदना दोन्ही लागतात. खाजगी मराठी चॅनल त्यात थोडी, तीपण लिलावाप्रमाणं बदलतात, भरवसा धरू नका. प्रसार भारतीचं वेव्हज म्हणून ॲपपण आलंय 2024 च्या नोव्हेंबरपासून, तेपण एकदा बघून ठेवा.

जुना_बँकवाला_टिळकवाडी

सगळ्यांनी दाखवायच्या बाजूचं सांगितलं, मी खिशाच्या बाजूचं सांगतो. आयुष्य बँकेत गेलं माझं.

वर्षाचं एकदम भरू नका. विकणारे महिन्याचा दर मुद्दाम असा ठेवतात की वर्षाचा स्वस्त वाटावा. पहिला एक महिना महिन्याच्या दरानंच घ्या. शंभर-दीडशे रुपये जास्त जातील, जाऊ द्यात. त्या महिन्यात घरातलं कोण काय बघतंय ते आपोआप कळतं. क्रिकेटसाठीच घेत असाल तर ज्या महिन्यांत मॅचेस आहेत तेवढेच महिने घ्या. वर्षभराचं घेऊन पावसाळ्यात कोण काय बघणार आहे?

ऑटोपे. "1 रुपयात सुरू करा" असं दिसलं की तिथं मँडेट असतं, म्हणजे पुढचे पैसे आपोआप कापायची परवानगी. 1 रुपया आज जातो आणि पुढच्या महिन्यापासून पूर्ण रक्कम. कुठली रक्कम, किती दिवसांनी, कधीपर्यंत, हे यूपीआयचा पिन टाकायच्या आधीच्या पानावर लिहिलेलं असतं, पण आपण पिन टाकायच्या घाईत असतो. ॲप फोनमधनं काढून टाकलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद झालं असं नाही, हे माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या लोकांना माहीत नसायचं. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट म्हणून यादी असते, तिथं जाऊन बंद करायचं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं पैसे कापायच्या किमान 24 तास आधी मेसेज यायला पाहिजे. 2021 च्या ऑक्टोबरपासून कार्डालापण हेच लागू आहे. तो मेसेज आला की जाहिरात समजून पुसू नका.

पैसे गेले आणि सेवा मिळत नसेल, कंपनी ऐकत नसेल, तर ग्राहक हेल्पलाईन 1915. फसवणूकच झाली असेल तर 1930, आणि तेपण लगेच, दुसऱ्या दिवशी नाही. व्हॉट्सॲपवाल्या 1500 च्या योजनेत मात्र पैसे आपणहून, आपल्या हातानं, एका खाजगी माणसाला पाठवलेले असतात. त्यात बँक काय करणार?

खडेबाजार_रिटर्न

पुण्याच्या भावाचा पासवर्ड वापरतोय मी, फुकटात. तुम्ही कशाला एवढं डोकं लावता 😂

शहापूर_अक्का

किती दिवस चालतंय बघा. नेटफ्लिक्सनं 2023 च्या जुलैपासून आपल्याकडंपण एका घराबाहेर वाटून घेणं बंद करत आणलंय. टीव्हीवर कोड मागितला की भावाला फोन, आणि तो मिटिंगमध्ये.

वडगावचा_पाव्हणा

मंडळी, थोडं पुढं सरकलंय. वायर ओढली, चौकटीवरनंच. टीव्हीवर आता 90 च्या वर येतोय. स्टिक घेतली. अक्कांचं वहीचं पान केलं, आणि खरंच दोन ॲपमध्ये चौघांचं बसतंय, त्यात एकाला दोन स्क्रीनवाला प्लॅन लागणार. आईला रिमोट देऊन बसवलं. एक सिरीयल तिनं लावली, आणि दुसऱ्या ॲपमध्ये गेल्यावर माझ्याकडं बघायला लागली. मग माईकचं बटण दाबून सिरीयलचं नाव बोलायला शिकवलं, ते लगेच जमलं, आता दिवसभर रिमोटशी बोलायलीय.

फायबरवाल्यांना फोन करून प्लॅनमधलं प्रत्येक ॲप कुठल्या दर्जाचं ते विचारलं. पलीकडची मुलगी म्हणाली वेबसाईटवर बघा. वेबसाईटवर नुसती चिन्हं आहेत, खाली कुठंच काही नाही. लेखी पाठवा म्हटलंय, अजून आलेलं नाही. तोपर्यंत दोन्ही ॲप एकेक महिन्याला घेतोय. केबल काढलेली नाही, अण्णांनी सांगितलं तसं बिल कापून घेतलंय, कन्नड दोन आणि मराठी तीन ठेवली. क्रिकेटचा सीझन होईपर्यंत तेवढं चालू राहू दे म्हणतो, पोरगंपण आता गप्प आहे.

व्हॉट्सॲपवाल्याला जीएसटीचं बिल मिळेल का विचारलं होतं. त्यानं ब्लॉकच केलं.

निपाणी_नाका

😂😂 बिल मागितलं की पळतात ते.

चंदगड_साईड

याच धाग्यात विचारतो, रागावू नका. आमचा टीव्ही जुना, पाठीमागं फुगलेला, एचडीएमआय नाहीच, लाल-पांढरी-पिवळी वायर लागते. आजी त्याच्यावरच बघते, बदलू देत नाही. त्याला ती स्टिक चालेल का?

कोरमंगळात_बेळगावकर

एचडीएमआय टू एव्ही कन्व्हर्टर मिळतो, थोड्या पैशात येतो, एका बाजूला स्टिक आणि दुसऱ्या बाजूला तुमच्या तीन वायरी. घेताना "एव्ही टू एचडीएमआय" नका घेऊ, तो उलटा असतो आणि डबा दिसायला अगदी तसाच. त्याला करंट वेगळा द्यावा लागतो, तेव्हा बोर्डात दोन प्लग मोकळे पाहिजेत, एक स्टिकला, एक त्याला. चित्र साधंच येईल, बारीक अक्षरं नीट दिसणार नाहीत, म्हणून ॲपचा सगळ्यात स्वस्त टीव्हीवाला प्लॅनच घ्या, वरचा घेऊन त्या टीव्हीवर काही फरक पडणार नाही. आजींना फक्त सह्याद्री आणि बातम्या पुरत असतील तर स्टिकपण नको, वर जांबोटीवाल्यांनी लिहिलेली फ्री डिश लावा, तिचा बॉक्स त्याच तीन वायरींवर चालतो.